औषध तेच, मग नकार कशाला?

अमेरिकेचे माजी-सैनिक-व्यवहार मंत्री डग कॉलिन्स यांच्या खात्याने १७ मार्च २०२५ रोजी जाहीर केले, की ट्रान्सजेंडर माजी सैनिकांवरचे लिंगविषयक उपचार यापुढे बंद होत जातील. कोणाचा अनादर करायचा नाही, असे सांगूनच कॉलिन्स यांनी बाजू मांडली. ज्यांना आपले लिंग बदलायचे असेल त्यांनी ते स्वतःच्या पैशाने बदलावे, वाचलेला पैसा लुळे पडलेल्या आणि हातपाय गमावलेल्या सैनिकांकडे वळवला जाईल, आणि बहुसंख्य अमेरिकी नागरिक व माजी सैनिक याच मताचे आहेत, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला हे व्यवहारी वाटते. आपल्याकडेही अनेक जण ते ऐकून मान डोलावतील. म्हणूनच यातले एकेक विधान नीट तपासून पाहायला हवे.

‘व्हीए’ या नावाने ओळखले जाणारे हे खाते स्वतःची इस्पितळे, स्वतःचे डॉक्टर आणि स्वतःची औषधालये चालवते. त्याच्याकडे ९१ लाख माजी सैनिकांची नोंदणी आहे. मधुमेह, मोतीबिंदू, कर्करोग, दारूचे व्यसन, गुडघेदुखी, सगळ्यावर तिथे उपचार होतात. जन्माच्या वेळी नोंदले गेलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारे लिंग यांचा मेळ न बसल्याने माणसाची जी तीव्र, दीर्घकाळ चालणारी घालमेल होते तिला वैद्यकशास्त्र ‘जेंडर डिस्फोरिया’ म्हणते. व्हीएने जून २०११ मध्ये एका निर्देशाद्वारे तिच्यावर उपचार सुरू केले. त्यात समुपदेशन, हॉर्मोन, आवाजाचे प्रशिक्षण, शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी आणि शस्त्रक्रियेनंतरची काळजी इतके होते. हा निर्देश २०१३ मध्ये नूतनीकृत झाला आणि पुन्हा २०१८ मध्येही, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत. जवळपास चौदा वर्षे, तीन राष्ट्राध्यक्षांच्या काळात हे उपचार चालू राहिले. त्यामुळे व्हीएची तिजोरी रिकामी झाली नाही आणि एकाही अपंग सैनिकाची व्हीलचेअर अडली नाही.

आधी पैशाचाच हिशेब पाहू. खुद्द व्हीएचा अंदाज असा, की नोंदणीकृत माजी सैनिकांपैकी एक दशांश टक्क्याहूनही कमी लोक ट्रान्सजेंडर आहेत. ९१ लाखांचा एक दशांश टक्का म्हणजे ९,१००. खात्याचा अंक खरा धरला तरी रुग्ण त्याहून कमीच, आणि त्या सगळ्यांना हे उपचार हवे असतात असेही नाही. २०२५ या आर्थिक वर्षासाठी व्हीएने मागितलेला निधी ३६९ अब्ज डॉलरच्या घरात होता. शिवाय कॉलिन्स यांच्या श्रोत्यांपैकी अनेकांना बहुधा ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. या उपचारांतला सर्वांत खर्चिक भाग, म्हणजे शस्त्रक्रिया, व्हीएने कधीच केलेली नाही. १९९९ पासून खात्याच्या वैद्यकीय लाभांच्या नियमातच ती वगळलेली आहे. तेव्हा जे बंद झाले ते काय? गोळ्या, इंजेक्शने, पट्ट्या, कृत्रिम अवयव, आवाजाच्या शिकवण्या आणि डॉक्टरांची पत्रे.

लष्करात सेवेत असलेल्यांचे आकडे याहून बोलके आहेत, कारण तिथे शस्त्रक्रियांचाही खर्च होत होता. २०१६ मध्ये रँड या संशोधन संस्थेने संरक्षण खात्यासाठी हिशेब मांडला. ट्रान्सजेंडर सैनिकांच्या उपचारांचा वार्षिक खर्च २४ लाख ते ८४ लाख डॉलर, म्हणजे सेवेतील सैनिकांच्या आरोग्यखर्चात ०.०४ ते ०.१३ टक्के वाढ. प्रत्यक्षात काय घडले, तेही संरक्षण खात्यानेच फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. २०१५ ते २०२४ या काळात मिळून सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर. याच संरक्षण खात्याने पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांवर २०१४ या एकाच वर्षात ८ कोटी ४० लाख डॉलर खर्च केले होते. ती औषधे देऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. मधुमेहाने, मणक्याच्या दुखापतीने किंवा मानसिक आघाताने खचलेल्या सैनिकाला ती मिळायलाच हवीत. पण पंगू सैनिकाचा घास कोण हिरावतो, हा प्रश्न मंत्र्यांनी उपस्थित केला असेल तर त्याचे उत्तर आकड्यांतच शोधावे लागेल. दहा वर्षांचा एक खर्च दुसऱ्या एका वर्षाच्या खर्चाहून कमी आहे, आणि तोच तेवढा सरकारच्या डोळ्यांवर आला.

पंगू सैनिकाला ट्रान्सजेंडर सैनिकापुढे उभे करणे हे या युक्तिवादातले सर्वांत दुखावणारे अंग आहे. जणू काही ही माणसे दोन वेगळ्या फौजांत लढली! जखमी सैनिक ट्रान्सजेंडर असू शकतो आणि ट्रान्सजेंडर सैनिक जखमी असू शकतो.

आता औषधालयाच्या खिडकीशी जाऊ. टेस्टोस्टेरॉनची एक लहान काचेची बाटली. आत सरकीच्या तेलात विरघळवलेले फिकट पिवळे औषध. आठवड्याला किंवा पंधरवड्याला ते सिरिंजमध्ये ओढायचे आणि मांडीत टोचायचे. वयोमानाने किंवा आजाराने टेस्टोस्टेरॉन घटलेला साठीचा निवृत्त हवालदार व्हीएकडे येतो, रक्त तपासून घेतो आणि ही बाटली घेऊन घरी जातो. रजोनिवृत्तीनंतर झोप उडालेल्या माजी महिला अधिकाऱ्याला एस्ट्रोजेनच्या गोळ्या किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी मिळते. हृदय कमकुवत झालेल्याला स्पायरोनोलॅक्टोन मिळते; हेच औषध ट्रान्स स्त्रियांना पुरुषी हॉर्मोन दाबण्यासाठी देतात. ही सगळी औषधे जुनी आणि बरीचशी स्वस्त आहेत. यातले एकही औषध व्हीएच्या फडताळावरून हललेले नाही. मार्च २०२५ नंतर बदलली ती केसपेपरवरची निदानाची ओळ. एकाच फडताळावरची बाटली एका सैनिकाला द्यायची आणि दुसऱ्याला त्याचा आजार कोणता ते वाचून नाकारायची, हा काटकसरीचा निर्णय होऊ शकत नाही. माणूस कोण आहे ते पाहून दिलेला तो नकार आहे.

खात्याची बाजू घेणारे इथे सांगतील, की ज्यांचे हॉर्मोन उपचार आधीपासून व्हीएमध्ये चालू आहेत त्यांचे ते चालूच राहतील. लष्करात असताना घेत होते आणि घेत-घेतच निवृत्त झाले त्यांनाही मिळतील. सर्दीखोकल्यापासून मानसोपचारापर्यंत बाकीची सेवा तर प्रत्येकाला खुली आहे. ही सवलत खरी आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. पण या धोरणाचा सर्वांत मोठा अन्यायही तिच्यातच दडलेला आहे.

सवलतीतून कोण सुटते ते पाहा. ३० जून २०१६ पूर्वी, म्हणजे तेव्हाचे संरक्षण मंत्री ॲश कार्टर यांनी बंदी उठवेपर्यंत, अमेरिकी लष्करात ट्रान्सजेंडर असल्याचे उघड झाले की घरी जावे लागे. व्हिएतनामला गेलेल्या, आखाती युद्धात लढलेल्या, इराक-अफगाणिस्तानात तीन-तीन तैनात्या केलेल्या माणसाने सेवेत असताना हे उपचार घेणे शक्यच नव्हते. तोंडातून शब्द काढला असता तर नोकरी गेली असती. असे पुष्कळ जण पन्नाशी-साठीत, आईवडील गेल्यावर, मुले मोठी झाल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांपुढे तोंड उघडतात. त्यांना व्हीए आता सांगते, तुमचे उपचार आधी सुरू नव्हते म्हणून आता मिळणार नाहीत.

आज सेवेत असलेल्यांची कोंडी याहून घट्ट आहे. २७ जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर संरक्षण खात्याने ठरवले, की जेंडर डिस्फोरियाचे निदान असलेला किंवा पूर्वी कधी झालेला सैनिक सेवेस अपात्र. म्हणजे नोकरी टिकवायची तर डॉक्टरकडे जायचे नाही, आणि डॉक्टरकडे गेले नाही तर निवृत्तीनंतर व्हीए दारात उभे करणार नाही. एक खाते निदान झाल्याबद्दल हाकलते, दुसरे निदान नसल्याबद्दल हाकलते, आणि दोन्ही खात्यांचा मालक एकच. लपवायला भाग पाडणाऱ्यानेच पुढे ‘वेळेवर का सांगितले नाही?’ म्हणून विचारावे, याला कोणत्याही नीतीत न्याय म्हणत नाहीत.

हे लपवणे किती खोल जाते, ते जॉर्ज ब्राउन या मानसोपचारतज्ज्ञाने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. ऐंशीच्या दशकात ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर वायुदलाचे डॉक्टर म्हणून काम करताना त्यांच्याकडे काही सैनिक आले. शरीराने धडधाकट, कामगिरीने चोख आणि मनाने आपण स्त्री आहोत या जाणिवेने पोखरलेले. अशा अकरा जणांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध करताना ब्राउन यांनी मांडले, की यातले अनेक जण आपल्यातली स्त्री कायमची गाडून टाकावी या आशेनेच सैन्यात आले. जितके धोक्याचे काम तितके बरे, असा त्यांचा हिशेब. अमेरिकी सैन्यात ट्रान्सजेंडर माणसांचे प्रमाण इतर समाजापेक्षा जास्त का दिसते, याचे एक उत्तर यात आहे. २०१४ मध्ये विल्यम्स इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील ट्रान्सजेंडर माजी सैनिकांची संख्या सुमारे १ लाख ३४ हजार असल्याचा अंदाज दिला होता.

‘या त्रासाचा लढाईशी काय संबंध? गोळी लागली असती तर गोष्ट वेगळी,’ असाही आक्षेप असतो. हा आक्षेप घेणाऱ्याने मग मोतीबिंदूही व्हीएमधून बाहेर काढावा. व्हीएची सेवा युद्धातल्या जखमांपुरती कधीच उरलेली नाही. संसदेने १९९६ मध्येच पात्रतेचे नियम बदलून तिला सर्वंकष आरोग्यसेवेचे रूप दिले. युद्धातल्या इजेमुळे मूल होऊ न शकणाऱ्या सैनिकांसाठी टेस्ट ट्यूब उपचारही व्हीए करते, आणि ते योग्यच आहे. सैनिकाला घर, संसार, स्वतःच्या शरीरात सुखाने राहणे परत मिळावे, हा विचार त्या सेवेच्या मुळाशी आहे.

शिवाय व्हीए ज्याला आपले सर्वांत पहिले वैद्यकीय उद्दिष्ट म्हणते ते आहे आत्महत्या रोखणे. जॉन ब्लॉस्निच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएच्याच नोंदी चाळून २०१३ मध्ये दाखवले, की लिंगओळखीशी निगडित निदान असलेल्या माजी सैनिकांत आत्महत्येशी संबंधित घटनांचे प्रमाण व्हीएच्या एकूण रुग्णांच्या वीस पटींहून जास्त आहे. वीस पट! २०१८ मध्ये ट्रान्सजेंडर माजी सैनिकांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात आढळले, की ज्यांना हॉर्मोन आणि शस्त्रक्रिया दोन्ही मिळाल्या होत्या त्यांच्यात आत्महत्येचे विचार आणि नैराश्य, काहीच उपचार न मिळालेल्यांपेक्षा कमी होते. असा अभ्यास एका वेळचे चित्र दाखवतो, कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध करत नाही, हे मान्य. पण आपल्याच दप्तरात अशी नोंद असताना आपलाच उपचार बंद करणारे खाते, ‘आम्हाला सैनिकाचा जीव सर्वांत मोलाचा’ हे वाक्य कोणत्या तोंडाने बोलते?

विरोधकांचा आणखी एक मुद्दा जास्त गंभीर आहे. हे उपचार प्रायोगिक आहेत, त्यांचा पुरावा कच्चा आहे, युरोपही आता मागे सरतो आहे. या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. ब्रिटनमधला २०२४ चा कॅस अहवाल मुलांविषयी आणि किशोरांविषयी आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा मे २०२५ चा अहवालही अल्पवयीनांविषयी. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये टेनेसी राज्याचा जो कायदा उचलून धरला तोही अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या उपचारांचा. त्या वादात प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण व्हीएच्या दारात एकही अल्पवयीन रुग्ण येत नाही. तिथे येणारा प्रत्येक जण प्रौढ आहे. देशाने त्याच्या हाती बंदूक दिली, विमान दिले, पाणबुडी दिली, आणि मरणाचा निर्णय घेण्याइतका तो समजदार आहे हे सही घेऊन मान्य केले. त्याच माणसाला स्वतःच्या हॉर्मोनचा निर्णय कळत नाही, असे निवृत्तीनंतर कसे म्हणता येईल?

‘प्रायोगिक’ हा शिक्का सरकारनेच एकदा पुसलेला आहे, आणि तो पुसायला लावणारी व्यक्ती माजी सैनिक होती. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्याने ऐंशीच्या दशकात लिंगबदल शस्त्रक्रिया प्रायोगिक ठरवून वगळली होती. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीच्या डेनी मॅलन यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या बंदीला आव्हान दिले. ३० मे २०१४ रोजी आरोग्य खात्याच्या अपील मंडळाने निकाल दिला, की बंदी ज्या माहितीवर उभी आहे ती कालबाह्य झाली आहे आणि ही शस्त्रक्रिया प्रायोगिक मानता येणार नाही. म्हणजे अमेरिकी सरकारचा एक विमा पात्र रुग्णाला शस्त्रक्रियेचा खर्च देऊ शकतो, आणि त्याच सरकारचे सैनिकांसाठीचे इस्पितळ नव्या रुग्णाला गोळीही देत नाही.

याच प्रश्नावर विरोधक नेहमी एका माणसाचे नाव घेतात, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नेव्ही सील या कमांडो दलात वीस वर्षे काढलेले, ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट मिळवलेले बेक २०१३ मध्ये क्रिस्टिन या नावाने ट्रान्सजेंडर म्हणून जाहीरपणे पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी तितक्याच जाहीरपणे सांगितले, की आपण पुन्हा पुरुष म्हणून जगत आहोत. व्हीएमध्ये एका छोट्याशा भेटीनंतरच आपल्याला हॉर्मोन देऊ केले गेले, युद्धाचे आघात नीट तपासलेच नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरी असेल तर गंभीर आहे. पण ती तक्रार काय मागते? जास्त वेळ, जास्त तज्ज्ञ, जास्त काळजीपूर्वक तपासणी. कॉलिन्स यांनी नेमके तेच काढून घेतले. आता नव्या रुग्णाला व्हीएमध्ये ना या विषयाचे मूल्यांकन मिळणार, ना उपचारावर देखरेख. तो बाहेर जाईल, पैसे असतील तर खासगी दवाखान्यात आणि नसतील तर इंटरनेटवरून मागवलेल्या औषधांकडे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचाही काही रुग्णांना पश्चात्ताप होतो. त्यावर अस्थिरोग विभाग बंद करण्याचा उपाय कोणी सुचवत नाही.

ट्रान्सजेंडर सैनिक हे हल्लीचे खूळ आहे असे मानणाऱ्यांनी इलिनॉय राज्यातल्या सॉनेमिन गावच्या अल्बर्ट कॅशियर यांची कागदपत्रे वाचावीत. आयर्लंडमध्ये मुलगी म्हणून जन्मलेले कॅशियर १८६२ मध्ये ९५ व्या इलिनॉय पायदळात पुरुष म्हणून भरती झाले. पलटणीतले सर्वांत बुटके शिपाई. अमेरिकी यादवी युद्धात व्हिक्सबर्गच्या वेढ्यासह तीन वर्षे लढले, १८६५ मध्ये सन्मानाने बाहेर पडले आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे पुरुष म्हणूनच जगले. शेतावर राबले, गावात दिवे लावायचे काम केले, मतदान केले, सैनिकाचे निवृत्तिवेतन घेतले. १९११ मध्ये ते ज्यांच्याकडे काम करत त्या सिनेटरच्या मोटारीने त्यांचा पाय मोडला आणि डॉक्टरला शरीराचे गुपित कळले. त्या डॉक्टरने, त्या सिनेटरने आणि क्विन्सी येथील सैनिकांच्या आश्रमाने ते गुपित काही काळ पाळलेही. १९१४ मध्ये स्मृती ढासळल्यावर त्यांना वेड्यांच्या इस्पितळात हलवले गेले. तिथे या सत्तरीच्या सैनिकाला बळजबरीने स्कर्ट नेसवण्यात आला.

बातमी फुटली आणि निवृत्तिवेतन खात्याने चौकशी लावली. फसवणूक झाली का, एवढाच प्रश्न होता. तेव्हा पलटणीतले जुने सोबती पुढे आले. हाच आमचा अल्बर्ट, हाच आमच्याबरोबर लढला, अशा साक्षी त्यांनी दिल्या, आणि निवृत्तिवेतन चालू राहिले. १९१५ मध्ये कॅशियर गेले तेव्हा त्यांना गणवेशात, लष्करी इतमामात पुरले. थडग्याच्या दगडावर अल्बर्ट कॅशियर हेच नाव आणि पलटणीचा क्रमांक कोरलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या, फारशा न शिकलेल्या त्या म्हाताऱ्या शिपायांनी एक गोष्ट ओळखली होती. सेवेची पावती सेवेवर ठरते. आजच्या व्हीएचे धोरण त्यांच्याही मागे गेले आहे.

लिंगबदल शस्त्रक्रियेचे शास्त्र काही अंशी सैनिकांच्या जखमांतूनच वाढले, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीस या शल्यविशारदाने, जटलंडच्या आरमारी लढाईत चेहरा भाजलेल्या एका खलाशावर १९१७ मध्ये उपचार करताना, शरीराच्या एका भागाची कातडी नळीसारखी गुंडाळून जिवंत ठेवत दुसऱ्या भागावर रुजवण्याची पद्धत काढली. त्याच पद्धतीने त्यांनी १९४६ ते १९४९ दरम्यान मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषावर तेरा शस्त्रक्रिया केल्या. डिलन पुढे भारतात आले, बौद्ध भिक्षू झाले आणि १९६२ मध्ये डलहौसीत वारले. १९५१ मध्ये गिलीस यांनी रोबर्टा कॉवेल यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिक, जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून परतलेल्या. पुढच्याच वर्षी क्रिस्टीन जॉर्गन्सन यांची कहाणी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकली, त्याही अमेरिकी सैन्यातल्या माजी कारकून. त्यांना उपचारांसाठी डेन्मार्क गाठावे लागले होते.

दोष एकट्या ट्रम्प यांच्या सरकारचा आहे असे म्हणणेही खरे ठरणार नाही. शस्त्रक्रियेवरची बंदी उठवा, अशी रीतसर याचिका ट्रान्सजेंडर माजी सैनिकांनी व त्यांच्या संघटनेने मे २०१६ मध्ये व्हीएकडे दिली. खात्याने घोंगडे भिजत ठेवले. १९ जून २०२१ रोजी बायडन यांचे मंत्री डेनिस मॅकडोना यांनी ऑरलँडोत जाहीर केले, की नियम बदलण्याची प्रक्रिया सुरू होत आहे. टाळ्या पडल्या. मग वर्षे गेली, मसुदा बाहेर आला नाही. सैनिकांची संघटना जानेवारी २०२४ मध्ये कोर्टात गेली, तेव्हा पुढच्याच महिन्यात खात्याने याचिका फेटाळली. विषारी धुरामुळे आजारी पडलेल्या सैनिकांसाठी २०२२ मध्ये झालेल्या कायद्याचा भार किती पडतो ते आधी पाहू, असे कारण दिले. मित्र म्हणवणाऱ्या सरकारने वाटाण्याच्या अक्षता लावल्या, आणि अर्धवट राहिलेली भिंत पाडायला पुढच्या सरकारला एक वर्षही लागले नाही. ‘तो खर्च झाल्यावर तुमचे बघू’ हे मॅकडोना यांचे कारण आणि ‘तुमचा पैसा त्यांना देऊ’ हे कॉलिन्स यांचे कारण सख्खी भावंडे आहेत.

दरम्यान बाहेर ढकलल्या जाणाऱ्या सैनिकांची संख्या वाढते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या नोंदीत जेंडर डिस्फोरियाचे निदान असलेले ४,२४० सैनिक होते. त्यांच्या बाजूने कोर्टात उभ्या राहिलेल्या कमांडर एमिली शिलिंग या नौदलाच्या वैमानिक, साठ लढाऊ मोहिमा केलेल्या. मार्च २०२५ मध्ये टॅकोमाच्या न्यायाधीशांनी बंदी रोखली, आणि ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवली. ऑगस्टमध्ये वायुदलाने १५ ते १८ वर्षे सेवा झालेल्या ट्रान्सजेंडर सैनिकांना मुदतपूर्व निवृत्तीचे लाभ नाकारले. वीस वर्षांच्या निवृत्तिवेतनाला दोन-पाच वर्षे उरलेल्या माणसांना त्या वेतनाविना घरी पाठवायचे, आणि वर ‘स्वतःच्या पैशाने करा’ म्हणायचे. कोणत्या पैशाने?

तुरुंगाशी तुलना करावी लागते, हे वाईट आहे, पण करायलाच हवी. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश रॉइस लॅम्बर्थ यांनी, ज्यांची नेमणूक रेगन यांनी केली होती, संघीय तुरुंगांतल्या ट्रान्सजेंडर कैद्यांचे हॉर्मोन उपचार चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. कैद्याला तो मिळाला हे योग्यच झाले. पण ज्याने देशाचा कायदा मोडला त्याच्यासाठी न्यायालय उभे राहते आणि ज्याने देशाचा गणवेश घातला त्याला खिशाकडे बोट दाखवले जाते, हे चित्र अमेरिकेलाच विचारात पाडणारे आहे.

हा प्रश्न दूरच्या देशाचा म्हणून मराठी वाचकाने बाजूला ठेवू नये. गणवेश आणि लिंगओळख यांची गाठ आपल्याकडेही पडली आहे. २०१० मध्ये भारतीय नौदलात खलाशी म्हणून रुजू झालेल्या साबी गिरी यांना, लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतल्यावर, ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘सेवेची आवश्यकता नाही’ या शेऱ्यासह घरी पाठवले गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात वेगळे घडले. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि राज्य सरकारच्या परवानगीने ते पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाले. त्यांची वैद्यकीय बाब वेगळी होती आणि परवानगीसाठी त्यांना बरेच खेटे घालावे लागले. तरी सरकारी रुग्णालय, सरकारी गणवेश आणि एका माणसाचे बदललेले शरीर एकत्र नांदू शकतात, हे महाराष्ट्राने करून दाखवले. त्या शिपायामुळे पोलीस दलाचे काही बिघडले नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्यानेही शस्त्रक्रिया व हॉर्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या विम्याची घोषणा झाली. अंमलबजावणीत हजार त्रुटी असतील, पण तत्त्व म्हणून भारत सरकारने हे उपचार आपले कर्तव्य मानले.

राहता राहिला बहुमताचा दावा. बहुसंख्यांना एखाद्या सैनिकाचा आजार आवडतो की नाही, यावर त्याचे औषध ठरवायचे असेल तर व्हिएतनामहून परतलेल्यांना एजंट ऑरेंजच्या विषाची भरपाई कधीच मिळाली नसती. त्यांनाही खात्याने वर्षानुवर्षे परत पाठवले होते. १९९१ चा कायदा त्यांनी मोर्चे काढून, खटले लढवून मिळवला.

व्हीएचा २०११ पासूनचा निर्देश रद्द करायला संसदेचे मत लागले नाही, खात्याचे एक पत्रक पुरले. तो पुन्हा लागू करायलाही पत्रकच पुरेल. १९९९ च्या नियमातली शस्त्रक्रियाबंदीची ओळ मंत्र्याच्या अधिकारातली आहे. ती काढायला कायदा बदलावा लागत नाही. अमेरिकेत मतदार असलेल्या, तिथल्या इस्पितळांत काम करणाऱ्या मराठी माणसांनी आपल्या लोकप्रतिनिधीला हे दोन प्रश्न लेखी विचारावेत: पत्रक मागे कधी घेणार, आणि ती ओळ कधी काढणार?